बिनफोडणीचं वरण

मोताळ्याला बाजाराच्या मैदानाकडून गावात शिरलं की डाव्या हाताला आमचा तेलघाणा होता आणि घाण्याच्या पाठीमागे घर. मध्ये एकच भिंत. त्यामुळे माझं लहानपण दोन आवाजांत गेलं. भिंतीपलीकडे दिवसभर मोटरीवर फिरणाऱ्या घाण्याची करकर आणि अलीकडे मायच्या कढईतली चर्रर्र. करकर थांबली की समजायचं, वीज गेली. चर्रर्र झाली की समजायचं, दहा मिनिटांत ताट. घड्याळ भिंतीवर होतं, पण त्याला कुणी विचारत नसे. तेलाचा वास आमच्या अंगात इतका मुरलेला की शाळेत माझ्या बाकावर बसणारी मुलगी नाक वर करून सांगायची, आज तुमच्याकडे जवस निघालं, आज तीळ. मला फार राग यायचा. आता साठी ओलांडल्यावर कुठे ताज्या करडईच्या तेलाचा वास आला तर मी भर रस्त्यात थांबते आणि सून म्हणते, आई, चला ना, लोक बघतायत. बघू देत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, घाण्यासमोर पेंडीच्या पोत्यावर बसायचे. आसपासच्या खेड्यांतले लोक आपापली करडई, शेंगदाणे, तीळ घेऊन यायचे आणि तेल काढून न्यायचे. आमच्या घाण्याची एक रीत होती. ज्याचा माल त्याच्यासमोर पहिल्या धारेचं तेल गरम भाकरीच्या तुकड्यावर धरायचं, वरून मीठ आणि लाल तिखट भुरभुरायचं, आधी घाणेवाल्याने खायचं आणि मग गिऱ्हाइकाच्या हातावर द्यायचं. ह्याला आम्ही चाखणी म्हणायचो. “आपुन नाई खाल्लं तं लोकायनं काऊन खावं?” असं अण्णा विचारायचे आणि तुकडा तोंडात टाकायचे. आजोबांच्या काळी दिवसातून दोन-चार चाखण्या होत असतील. मोटर आल्यावर बाजाराच्या दिवशी वीस-वीस होऊ लागल्या, पण रीत तीच राहिली. दोन चाखण्यांच्या मध्ये तंबाखू. चालणं म्हणजे घाण्यापासून जेवायच्या पाटापर्यंत. गावात सर्दी-खोकल्याची साथ आली की तिचा पहिला मुक्काम अण्णांच्या छातीत असायचा आणि सगळ्यात शेवटी ती तिथूनच निघायची. तरी गावभर अण्णांना लोक धष्टपुष्ट म्हणायचे. पुढे आलेल्या पोटालाच तब्येत म्हणायची पद्धत होती.

घरात आम्ही चौघं. अण्णा, माय, मी आणि अण्णांची थोरली बहीण, आमची आत्या. ती ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आली होती, आणि मायचं नि तिचं एकमेकींवाचून पान हलायचं नाही. माझ्या दोघी बहिणी सासरी गेलेल्या. मी शेंडेफळ, दहावी पास झालेली, अकरावीला विज्ञान घेतलेली, आणि घरात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही अशी खात्री असलेली. ही खात्री मला फार महागात पडली, म्हणूनच हे प्रकरण लिहायला बसले आहे.

ते पहिलं दुखणं आलं बाजाराच्याच दिवशी, भर दुपारी. अण्णा पोत्यावरून उठून घरात आले आणि न बोलता न्हाणीच्या दगडावर बसले. अंगातला सदरा पिळून काढावा इतका ओला. डाव्या खांद्यापासून जबड्यापर्यंत कुणी दोरी ओढतंय असं म्हणाले. मायने हिंग चोळला, आत्याने ओवा चावायला दिला, दोघींनी मिळून त्याला वायगोळा ठरवलं. पण अण्णांचा रंग बघून समोरच्या जीपवाल्याने कुणाचं ऐकलं नाही. त्याने त्यांना उचललं आणि सरळ राजूर घाटाने बुलढाण्याला नेलं. त्याच्या त्या न ऐकण्यामुळेच अण्णा वाचले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आमच्याच भागातल्या होत्या, ठेंगण्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या. आठ दिवसांनी घरी सोडताना त्यांनी माय, आत्या आणि मला खोलीत बोलावलं. हृदयाला रक्त नेणारी एक नळी चोंदली होती, हृदयाचा एक तुकडा कायमचा अशक्त झाला आहे, दुसरा झटका त्याला सोसणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. माय पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. आत्या भिंतीकडे बघत राहिली. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, “तू शिकतेस ना? लिहून घे. आता यांचं जेवण म्हणजेही औषधच. तुझ्यावर सोपवते.” मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. दिवसाला तेल तीन लहान चमचे. मीठ अर्धा लहान चमचा. तंबाखू बंद. पालेभाजी, डाळी, फळ रोज. सकाळी चालणे, हळूहळू वाढवत. त्या वेळी माझी छाती अभिमानाने फुलली होती हे मी लपवणार नाही. वडील मरता मरता वाचले होते आणि मला आनंद होत होता तो चमचे माझ्या हाती आल्याचा.

घरी येताना जीपमध्ये मी विचार केला की अर्धवट काही करायचं नाही. तीन चमचे तेल म्हणजे दोन भाज्यांतच संपणार, मग फोडणीला कुठून आणायचं? म्हणून रात्री वहीच्या दुसऱ्या पानावर मी माझ्या मनाने लिहिलं: फोडणी बंद. आणि माय अंदाजाने मूठभर मीठ टाकते हे ठाऊक असल्यामुळे खाली लिहिलं: मीठ पेटीत. मिठाची चिनी मातीची बरणी खरोखरच मी माझ्या पुस्तकांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. सकाळी अर्धा चमचा मीठ मोजून बाहेर काढायचे, अण्णांच्या वाटीत वेगळं ठेवायचे. आम्हा बाकीच्यांचा स्वयंपाकही त्यात ओढला, कारण एका घरात दोन चवी नकोत असं माझं म्हणणं. चाखणीला अण्णांऐवजी आत्याला बसवलं आणि तिथलं मीठही बंद केलं. गिऱ्हाइकं कुरकुरली, आत्याने त्यांना दोन शब्द सुनावले, ते जमलं. पण पहिल्या दिवशी दुपारी माय डाळ शिजवून चुलीपुढे उभी राहिली, हातात रिकामी पळी, आणि म्हणाली, “वरन तयार हाये. फोडनी देऊ ना?”

“नाई द्यायची,” मी म्हणाले. “वहीत लिहेल हाये.”

“चमचाभर तरी? नुसती मोहरी तडतडली तं काय होते?”

“माय, तुले अण्णा पाह्यजेत का मोहरी?”

असं मी बोलले. मायने पळी खाली ठेवली. मागे आत्या भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “शोभे, दहा दिस असंच खाल्लं होतं म्या. तुह्या मामाजीच्या मागं.” तिच्या नवऱ्याला आम्ही मामाजी म्हणायचो. आमच्याकडे घरात माणूस गेलं की चुलीवर फोडणी पडत नाही. शेजारपाजारचे लोक जे बिनफोडणीचं वरण-भात आणून वाढतात त्याला कडू घास म्हणतात. म्हणजे फोडणी नसलेलं वरण फक्त सुतकात ताटात येतं. हे मला ठाऊक होतं. मी त्याला अडाणीपणा समजले. विज्ञान घेतलं होतं ना.

अण्णा पाटावर बसले. ताटात पिवळंधमक, सपक वरण, वर तरंगणारं जिरं नाही, जळका लसूण नाही. त्यांनी वाटी उचलून नाकाशी नेली, खाली ठेवली, आणि मायच्या कपाळाकडे बघितलं. कुंकू जागेवर आहे का हे त्यांनी तपासलं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. मग हसून म्हणाले, “मी हाये ना व अजून?” आम्ही तिघी हसलो. कुणाचंही हसू खरं नव्हतं. त्यांनी चार घास खाल्ले आणि उठले.

अण्णांची अन्नावरची वासना उडाली. ते चवीला त्रासले म्हणून नव्हे, हे मला आता कळतं. रोज दोन वेळा त्यांच्यासमोर त्यांचंच सुतक वाढलं जात होतं. घरातली चर्रर्र गेली, आणि ती गेल्यावर घाण्याची करकर उगाच मोठी वाटू लागली. मी मात्र वही भरत होते. सकाळ, दुपार, संध्याकाळ, किती चमचे, किती पावलं. अण्णा अंगणातून बाजाराच्या मैदानापर्यंत चालायला लागले होते, तंबाखूची डबी त्यांनी स्वतः आत्याच्या हाती दिली होती, पहिल्या आठवड्यात पोटही उतरलं. मी मनात बाईंना वही दाखवत होते आणि बाई मनात माझी पाठ थोपटत होत्या.

मग गाडी उलटी फिरली. मैदानापर्यंत जाणारे अण्णा जीपवाल्याच्या ओट्यापाशी टेकू लागले. नंतर दारातच. चप्पल आवळते म्हणाले, अंगठा ढिला करून आणला, तरी वळ उठायचा. दुपारी आडवं न होता भिंतीला पाठ लावून बसायचे. मी एकदा त्यांच्या नडगीवर बोट दाबलं, तर खळगा पडला आणि भरून यायला वेळ लागला. मी घाबरले. पण घाबरल्यावर मी काय केलं? तेल तीन चमच्यांवरून दोनवर आणलं. मिठाचा अर्धा चमचा पाव केला. मला वाटलं, अजून कुठेतरी माझीच शिस्त कमी पडते आहे. रोज सकाळी त्यांचे पाय बघायचे आणि रोज थोडी सूज चढलेली. एकदा माझी आणि मायची नजरानजर झाली तेव्हा ती चटकन चुलीकडे वळली. तिच्याही डोळ्यांत तीच भीती होती, एवढंच मला दिसलं. आणखी काही होतं ते दिसलं नाही.

एका सकाळी मी चहा गाळत होते आणि घाण्याची करकर थांबली. वीज गेली असेल म्हणून मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला. दिवा लागला. माझ्या हातून गाळणी पडली. पळत घाण्यावर गेले तर आत्याने मोटर बंद केली होती आणि अण्णा पोत्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, तोंड उघडं टाकून बसले होते. छातीतून उकळत्या पाण्यासारखा आवाज येत होता. त्यांना वाक्य पुरं करता येत नव्हतं. “शोभे... हवा... हवा पुरून... नाई राह्यली...” मी त्यांच्या पाठीशी पोतं सरकवायला वाकले आणि पोत्याच्या मागे मला एक स्टीलची वाटी दिसली. वरून ताटली झाकलेली, फडक्यात बांधलेली. मी ती उघडली. तळाला वरण होतं, वर तेलाचा तांबडा तवंग, त्यात लसणाच्या पाकळ्या, आणि वास फोडणीपेक्षा कैरीच्या लोणच्याच्या खाराचाच जास्त. आदल्या संध्याकाळची असावी, धुवायची राहून गेलेली. माय दारात उभी होती. तिने माझ्या हातातली वाटी बघितली. मी घरातून वहीची पिशवी आणली, वाटी फडक्यासकट तिच्यात टाकली आणि जीपवाल्याला हाक मारली.

तो घाट मी पुढे शेकडो वेळा चढले आहे. नोकरीसाठी, बैठकांसाठी, लेकीच्या कॉलेजसाठी. आता रस्ता रुंद झालाय आणि वळणावर लोक थांबून फोटो काढतात. मला त्या वळणांवर अजून अण्णांचा श्वास ऐकू येतो. मागच्या सीटवर ते मध्ये बसलेले, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माय. आडवं केलं की गुदमरत, म्हणून दोघींनी त्यांना बसतं धरलं होतं. माझा हात त्यांच्या पाठीवर होता आणि त्याच पाठीवर मायचाही, आणि दोन्ही हात एकमेकांना लागू नयेत म्हणून आम्ही धडपडत होतो. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत वाटी. मायला ते ठाऊक, मला ते ठाऊक. जीपवाला एकसारखा म्हणत होता, “आलंच अण्णा, आलंच, दम धरा.” प्रत्येक वळणाला अण्णांचं डोकं मायच्या खांद्यावर पडायचं आणि ती ते हाताने सावरायची. त्या घाटात मी देवाला काही मागितलं नाही. मी फक्त बोलायची वाक्यं मनात जुळवत होते, मायला बोलायची.

बाईंनी अण्णांना आत घेतलं, प्राणवायू लावला, सुया टोचल्या. आम्ही बाहेर बाकावर. बराच वेळ गेल्यावर माय म्हणाली, “शोभे, पानी पेतं का?” आणि माझा बांध फुटला. मी वाटी पिशवीतून काढून तिच्या मांडीवर आपटली. “हे काय हाये? कवापासून देऊन राह्यली? मी इथं एक एक चमचा मोजून राह्यली अन् तू... तूनंच मारलं त्यायले. तूनं!” बाकावरची बाकीची माणसं वळून बघायला लागली. मायने वाटी पदराखाली घेतली. ती रडली नाही. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला, माझ्या डोळ्यांसमोर.

दुपारनंतर बाई बाहेर आल्या. पाणी उतरतंय, धाप कमी झालीय, पण अजून धोका टळला म्हणत नाही, असं सांगून त्यांनी आम्हाला खोलीत नेलं. “एवढं मीठ कुठून गेलं पोटात?” त्यांचा पहिलाच प्रश्न. मी लगेच वही पुढे केली, सगळी पानं भरलेली, एकही खाडाखोड नाही. बाईंनी पानं उलटली. “ही वही खरी असेल तर हे पाय सुजायलाच नको होते.”

“वही खरी हाये,” माय म्हणाली. “म्या देलं. चोरून. रोज संध्याकाळी चाहाच्या वक्ती, पोरगी बाहीर गेली का.”

“काय दिलं?”

“फोडनीचं वरन. मीठ पोरीनं कुलपात ठेवलं होतं, मंग लोनच्याचा खार टाकला. वाटीभर वरनात दोन पळ्या. कधी संगं भाजेल पापड.”

बाईंनी डोळे मिटले. दोन पळ्या खार म्हणजे काय ते आज मी कुणालाही फळ्यावर समजावून सांगते. चिमूटभर मिठाच्या जागी मूठभर. बरणी उघडी असती तर मायने चिमूटच टाकली असती. तिच्या हाताशी मी चिमूट ठेवलीच नव्हती.

“पण का?” बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. “तुम्हाला माहीत होतं ना, त्यांच्या जिवावर येईल?”

मायने पहिल्यांदा मान वर केली. “बाई, तुमी बी इकडच्याच हात. कपाळाले कुकू लावून त्यायच्या ताटात बिनफोडनीचं वाढू? रोज दोन टाइम? वाटे, मीच त्यायले वाटेले लावून राह्यली. थे घास घ्याचे अन् माह्याकडं पाह्याचे. एक दिस बोलले, मले अशानं तू लवकर पोचवशीन. मंग म्या देल्ली फोडनी.”

मग बाईंनी वही पुन्हा उघडली, मागे मागे जात पहिल्या पानापाशी आल्या, मग दुसऱ्या. बोट ठेवून म्हणाल्या, “फोडणी बंद. हे कुणी सांगितलं?”

“तुमीच,” मी म्हणाले.

“पहिलं पान माझ्यासमोर लिहिलंस. निळी शाई. त्यात फोडणीचा शब्द नाही. हे काळ्या शाईने कुणी लिहिलं?”

मला ते अक्षर नीट ओळखता येत होतं. बाईंनी वही मिटून माझ्यासमोर सरकवली आणि बोलल्या मायशी. “ताई, फोडणी द्या. रोज द्या, दोन्ही वेळा द्या. एका लहान चमच्यात होते. पळी चांगली तापू द्या, मोहरी, जिरं, लसूण, कढीपत्ता भरपूर घाला, म्हणजे मीठ कमी आहे हे जिभेला कळणार नाही. तेल मोजलेलं, आवाज मात्र कितीही मोठा होऊ द्या. खार नाही, पापड नाही, लोणचं नाही. एवढं पाळाल?” मायने हो म्हणून मान हलवली. मग तिने पदर डोळ्यांना लावला आणि इतका वेळ थोपवलेलं रडू तिला आलं. मी तिच्या शेजारी बसले होते. मला तिचा हात धरता आला असता. मी धरला नाही, कारण लाज रागापेक्षाही हात जड करते हे मला त्या दिवशी कळलं.

अण्णा घरी आले ते दहा-बारा दिवसांनी, अर्धे होऊन. आत्याने अंगणात खाट टाकून ठेवली होती. मायने डाळ शिजवली होती. मी पेटी उघडली, मिठाची बरणी काढली आणि गळ्यातल्या दोऱ्यासकट किल्ली तिच्यावर ठेवून दोन्ही मायसमोर चुलीपाशी नेऊन ठेवलं. तिने बरणी घेतली, किल्ली मला परत दिली. म्हणाली, “पेटी तुही हाये. बुकं राहू दे त्यात.” मग मला चमचा मागितला. मी मोजून दिला तो एक लहान चमचा करडईचं तेल तिने पळीत ओतलं, ती पळी निखाऱ्यावर इतका वेळ धरली की मला वाटलं आता पेटणार, आणि मोहरी टाकली. तडतड झाली, लसूण गेला, आणि ती पळी तिने तशीच वरणात बुडवून वर झाकण ठेवलं. आवाज भिंतीपलीकडे घाण्यावर गेला असेल. अंगणातून अण्णांचा क्षीण आवाज आला, “आली व.” आत्या तोंडावर हात धरून न्हाणीत निघून गेली.

त्यानंतर अण्णा सतरा वर्षं जगले. रोज पहाट फुटली की मैदानाला चार फेऱ्या घालायचे, जवसाची चटणी, अंबाडी, शेवग्याचा पाला, हिवाळ्यात आवळे आणि पेरू खायचे, आणि पुढे पुढे तर साथीचा खोकलाही त्यांना वळसा घालून जायला लागला. मी अंगणवाडीच्या कामात शिरले आणि गावोगावच्या बायांना चमचे दाखवत तीस वर्षं काढली. मागून मला चमचेवाली बाई म्हणायचे, मला ठाऊक आहे. कुणाच्याही घरात काय बंद करायचं ते सांगण्याआधी तिथे ते का केलं जातं हे मी विचारायचे. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. पण दवाखान्याच्या बाकावर बोललेलं ते वाक्य मी मायपाशी कधी परत घेतलं नाही. सतरा वर्षांत किती वेळा ओठांवर आलं. तिनेही कधी काढलं नाही. दिवाळीला माहेरी गेले की ती फोडणीच्या वेळी मला हाक मारायची, “शोभे, चमचा दे.” चमचा तिच्या हाताशीच असायचा. मी उठून द्यायचे. आमच्यात माफी एवढ्यावरच भागत होती.

अण्णा गेले ते सकाळी, फेऱ्या घालून आल्यावर, खाटेवर बसल्या बसल्या. मी सासरहून पोचले होते, दोघी बहिणी अजून वाटेत होत्या. दुपारी माणसं स्मशानातून परत आली आणि शेजारच्या बाईने कडू घास आणला. चूल गार होती. भिंतीपलीकडे घाणाही गप्प. माय, मी आणि आता खूप थकलेली आत्या, तिघी ओळीने बसलो आणि शेजारणीने वाढलं. बिनफोडणीचं पिवळं वरण, भात. मी मायकडे बघत होते, ती हे कसं गिळेल म्हणून. तिने घास कालवला आणि बराच वेळ हातात धरला. म्हणाली, “सतरा वर्सं थांबून राह्यलं पाह्य हे.” मग माझ्याकडे वळून, “तुह्या चमच्यानं थांबवलं. अन् फोडनी बी रोज ऐकली त्यायनं.”

आता बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिने घास खाल्ला, आणि तिचं बघून मीही. वरणात मीठ होतं, चार घरांत असतं तेवढंच, पण आमच्या जिभांना ते झोंबलं. “खारट हाये,” माय म्हणाली, आणि मीही तेच म्हणाले, एकाच वेळी. आणि आम्हा दोघींचे हात एकदम भिंतीलगतच्या अण्णांच्या पाटाकडे गेले, त्यांचं ताट मागे ओढायला.

पाटासमोर ताट नव्हतं. आमचे हात तिथे एकमेकींना लागले, आणि ह्या वेळी मी तिचा हात धरला.